आजार दाखवणारी बाई

आजारपण चार भिंतींच्या आत राहावं, असं मला मनापासून वाटायचं. म्हणूनच २००९च्या फेब्रुवारीत जेड गुडीने केमोथेरपीमुळे केस गेलेले असताना लग्न केलं आणि त्या लग्नाच्या फोटोंचे हक्क एका मासिकाला विकले, तेव्हा मला ते बघवलं नव्हतं. मरणाचा बाजार मांडलाय, असं माझं स्पष्ट मत होतं. आज ते मत उरलेलं नाही.

जेड लंडनच्या बर्मंडसी भागातली, हलाखीत वाढलेली मुलगी. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. २००२ मध्ये ‘बिग ब्रदर’मुळे ती ब्रिटनमध्ये घराघरांत पोहोचली. आपल्याला तिचं नाव कळलं ते २००७ मध्ये, शिल्पा शेट्टीला तिने दिलेल्या वंशद्वेषी वागणुकीमुळे. पुढच्याच वर्षी ती लोणावळ्याला ‘बिग बॉस’च्या घरात आली. सूत्रसंचालन शिल्पाकडेच होतं. १८ ऑगस्ट २००८ रोजी, त्या घरात असतानाच, तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. ती तातडीने मायदेशी गेली आणि २२ मार्च २००९ला, वयाच्या २७व्या वर्षी वारली.

तिची दया येऊन माझं मत बदललं असं नाही. दया तेव्हाही येत होतीच. मत बदललं ते इंग्लंडमध्ये त्या काळात काय घडलं हे वाचल्यावर. २००८च्या मध्यापासून वर्षभरात तिथे या कॅन्सरच्या नेहमीपेक्षा ४ लाखांहून जास्त तपासण्या झाल्या. वर्षानुवर्षं टाळाटाळ करणाऱ्या बायकाही त्यात होत्या. ही लाट पुढे ओसरली, पण त्या वर्षी ज्यांचा धोका वेळेत लक्षात आला, त्यांच्यासाठी ती पुरेशी होती.

कारण हा आजार सवड देतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर पेशी बिघडून कॅन्सर व्हायला बहुधा अनेक वर्षं लागतात. त्या काळात काही दुखत नाही, खुपत नाही. तपासणीत मात्र बिघाड सापडतो आणि साध्या उपचाराने बरा होतो. आपल्याकडे अंगावरून पांढरं जातंय, संबंधानंतर रक्त दिसतंय, पाळी गेल्यावर पुन्हा डाग पडतायत, तरी बाई महिनोन्‌महिने अंगावर काढते. मग काहीच होत नसताना ती तपासणीला कशी जाणार? भारतात या कॅन्सरने दरवर्षी सुमारे पाऊण लाख बायका मरतात.

जेड गेल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेड्यांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात सहभागी होत्या. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यातून दिसलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या चमूने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून नुसत्या व्हिनेगरने तपासणी करून मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले. उपाय हाताशी आहे. अडतं ते पिशवीच्या तोंडाचा आजार चारचौघांत बोलायचा नाही, या शिकवणुकीपाशी. जेडने ती शिकवण सगळ्या देशासमोर मोडली.

म्हणून पडद्यावर दाखवलेला प्रत्येक आजार मला मान्य आहे असं नाही. निर्णय कोणाचा आणि पैसा कोणाकडे गेला, हे दोन प्रश्न मी विचारते. कॅमेऱ्यांनी भरलेल्या परक्या घरात, परक्या देशात अशी बातमी ऐकावी लागणं जेडने मागून घेतलेलं नव्हतं. ते आजही मला क्रूर वाटतं. त्यानंतरचं सगळं मात्र तिने स्वतः ठरवलं. दोन लहान मुलांच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, हे तिने उघड सांगितलं. मरणाच्या दारातल्या आईची ती कमाई होती, आणि तिला बाजार म्हणायचा अधिकार मला नाही.

ज्या बाईला आपलं आजारपण झाकून ठेवायचं आहे, तिच्यावर कोणी बोलण्याची सक्ती करू नये. पण जी बोलते, तिला निर्लज्ज म्हणणं मी थांबवलं आहे. घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीला मी आता आजाराचं नाव घेऊन विचारते, तपासणी केलीस का? आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बदलत नाही.