घरचा क्रमांक

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे पूर्वी तीन प्रश्न विचारले जात : देवाला नारळ ठेवला का, शिदोरी घेतली का, आणि पोहोचल्याचे पत्र कधी टाकणार? गेल्या वर्षी आषाढात आम्ही उभयतां लिस्बनला लेकीकडे जायला निघालो, तेव्हा पहिले दोन प्रश्न कोणी फारसे विचारलेच नाहीत. तिसऱ्याचे मात्र रूप पालटले होते. शेजारीपाजारी, सोयरेधायरे, इतकेच काय, मंगेशीला देवापुढे गाऱ्हाणे घालून प्रसादाचे फूल हातावर ठेवणारे भटजीही एकच विचारू लागले, "तिथे नेटचे काय केले आहे?"

आमच्यापाशी उत्तर तयार होते, आणि त्या उत्तराचा आम्हांला थोडासा अभिमानही होता. परदेशात मोबाईलवर इंटरनेट मिळवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक, आपल्या इथल्याच कंपनीचे रोमिंग घ्यावे. म्हणजे कार्ड तेच, क्रमांक तोच, पण खर्च बराच. दुसरा, त्या देशात उतरल्यावर तिथले सिमकार्ड विकत घ्यावे. ते स्वस्त पडते, पण क्रमांक परका. तिसरा मार्ग अलीकडचा. त्यात कार्ड हाताला लागतच नाही. 'ई-सिम' नावाची नोंद इंटरनेटवरून थेट मोबाईलमध्ये उतरवून घेतात. या तिन्हींपैकी काहीच नको असेल, तर हॉटेलांतल्या आणि विमानतळांवरच्या वाय-फायवर भागवावे, म्हणजे धर्मशाळेत उतरल्यासारखे. आम्ही मूळचे जपून खर्च करणारे. तेव्हा दुसरा मार्ग पत्करला. लिस्बनला उतरताच तिथले कार्ड घेतले, आपले भारतातले कार्ड मोबाईलमधून काढले, आणि ते इवलेसे पान हरवू नये म्हणून सौभाग्यवतींनी आपल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवले. रोमिंगचे काही हजार रुपये वाचले, म्हणून त्या दिवशी आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पहिले पंधरा दिवस आनंदात गेले, हे कबूल केले पाहिजे. तेजू नदीच्या काठाने फिरताना, चढउताराच्या गल्ल्यांत वाट चुकताना मोबाईलमधला नकाशा हात धरून घरी आणी. रात्री लेकीच्या घरातून मंगेशीच्या आमच्या घराशी बोलणे होई. कार्ड परके असूनही व्हॉट्सॅप आमच्या जुन्याच क्रमांकावर चालत होते. कारण एकदा नोंदलेला क्रमांक ते धरून ठेवते, त्याला नुसते इंटरनेट असले की पुरते. त्यामुळे आपण घराशी जोडलेले आहोत, याविषयी आमच्या मनात तिळभर शंका उरली नव्हती.

मधेच चार दिवस आम्ही बसने सेव्हिलला गेलो. ग्वादियाना नदी ओलांडली आणि मोबाईलने आपण होऊन कळवले की, स्पेनमध्ये आपले स्वागत असो, दर पूर्वीचाच. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सभासद देशांतील रोमिंगचा जादा आकार काढून टाकला. तेव्हापासून एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात, काही मर्यादेत, घरच्याच दराने चालते. तो संदेश वाचून आम्हांला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. कारण आम्हांला बेळगाव आठवले. एके काळी गोव्याहून चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला गेले की रोमिंगचा आकार पडू लागे. गोवा दूरध्वनीच्या महाराष्ट्र मंडळात आणि बेळगाव कर्नाटक मंडळात. दोन्हीकडे बोली ओळखीची, सोयरिकी परस्परांत, कुलदेवतही पुष्कळांचे एकच. पण कंपनीच्या लेखी आम्ही परमुलखात गेलेले असू. बेळगावला मुलीची खुशाली विचारायला गेलेला बाप मोबाईल वाजला की तो कानाला लावण्याआधी खिशाकडे पाही. ते दिवस आता गेले, हे बरे झाले.

श्रावणातला पहिला सोमवार उजाडला. मंगेशीला सोमवारची पालखी असते, आणि श्रावणातल्या सोमवारी तर देवळाच्या आवारात पाऊल ठेवायला जागा नसते. लिस्बनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे चालते. त्यामुळे आमच्याकडे लख्ख ऊन होते आणि तिकडे पालखी आत जाऊन रात्र झाली होती. आम्ही नदीकाठी बाकावर बसलो होतो. इतक्यात पुतण्याचा फोन आला. आमचे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो, पालखीनंतर तळीवर पाय धुवायला उतरले होते. पावसाने पायऱ्यांवर शेवाळ धरले होते. पाय सरकला. खुब्याचे हाड मोडले होते. इस्पितळात नेले होते, सकाळीच शस्त्रक्रिया करायची ठरली होती, आणि रात्रीच सत्तर हजार रुपये अनामत भरायची होती. पुतण्याच्या खात्यात निम्मेही नव्हते. "काका, तुम्ही पाठवाल ना?" एवढेच त्याने विचारले.

पाठवणार नाही तर काय! वडील गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो. पुढे बेळगावच्या कॉलेजात शिकत असता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादांची साठ रुपयांची मनीऑर्डर येई. ती एकदाही चुकली नाही. पोस्टमन खोलीच्या दारात उभा राहून नाव विचारी, सही घेई आणि नोटा मोजून हातावर ठेवी. त्या नोटांच्या मागे दादांनी कोणती हौस मारली होती, हे आम्ही तेव्हा विचारले नाही, आणि नंतर विचारायचे धैर्य झाले नाही. आज पन्नास वर्षांनी त्यांना पैसे धाडण्याची पाळी आमच्यावर आली होती. खात्यात पैसे होते. हातात मोबाईल होता. मोबाईलमध्ये उत्तम इंटरनेट होते.

आम्ही बँकेचे पान उघडले, रक्कम भरली, आणि बँकेने नेहमीप्रमाणे सांगितले की, आपल्या नोंदलेल्या क्रमांकावर एक परवलीचा आकडा पाठवला आहे, तो इथे भरा. नोंदलेला क्रमांक करंड्यात होता.

आम्ही धावतपळत घरी आलो. सौभाग्यवतींनी पदराची टाचणी काढून दिली, तिने मोबाईलचा कप्पा उघडला, कुंकवाची बोटे पुसून कार्ड आत सारले. पडद्यावर अक्षरे उमटली : सेवा उपलब्ध नाही. मग उलगडा झाला. भारतातल्या कार्डावर परदेशातील रोमिंगची सोय निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी लागते. आम्ही ती केली नव्हती, कारण आम्हांला ते कार्ड वापरायचेच नव्हते. सोय आता सुरू करावी म्हणून कंपनीचे ॲप उघडले. आत शिरण्यासाठी त्यानेही परवलीचा आकडा मागितला, आणि तो धाडला त्याच मुक्या कार्डावर! लेकीने बऱ्याच खटपटीने कंपनीचा माणूस फोनवर मिळवला. त्याने अदबीने सांगितले की, त्याच क्रमांकावरून अमुक एक संदेश पाठवा. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी आमची गत झाली. लेकीचा भारतातला क्रमांक तर भरणा न केल्यामुळे केव्हाच रद्द झालेला. तिच्या तिकडच्या बँकेतून पैसे धाडायचे, तर ते दुसऱ्या दिवशी पोहोचणार. तास गेला. बाहेर ऊन तसेच होते. आमच्या हातातले ते यंत्र साऱ्या जगाच्या बातम्या दाखवीत होते, आणि आम्ही दादांसाठी एक रुपया हलवू शकत नव्हतो. आमच्या मनात एकच हिशेब फिरत होता : रोमिंगचे किती रुपये वाचवले?

एवढ्यात पुतण्याचा संदेश आला. "काका, जालें. पयशे भरले." आम्ही फोन केला, तेव्हा सारे कळले. देवळाबाहेर फुले विकणारा आमच्या ओळखीचा एक गृहस्थ दादांना गाडीत घालायला मदत करीत होता. तो इस्पितळापर्यंत आलाच होता. पैशांची अडचण कानी पडताच त्याने श्रावणी सोमवारची विक्री, अबोली आणि बेलपत्रींचे दिवसभर साठलेले पैसे, पिशवीसकट पुतण्याच्या हाती दिले. उरलेले शेजारच्या चहावाल्याने आणि देवस्थानातल्या दोघा सेवेकऱ्यांनी उभे केले. कोणी चिठ्ठी लिहून मागितली नाही. कोणी आकडा मागितला नाही. दादांचे नाव त्यांना ठाऊक होते.

त्या रात्री झोप आली नाही. मग कुतूहल म्हणा, पश्चात्ताप म्हणा, हे रोमिंग चालते तरी कसे, ते आम्ही लेकीकडून समजून घेतले. प्रत्येक कार्डात एक आकडा कोरलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारताचे ४०४ किंवा ४०५, पोर्तुगालचे २६८. परमुलखात मोबाईल सुरू झाला की तिथली यंत्रणा ते अंक वाचते आणि त्या माणसाच्या घरच्या यंत्रणेला विचारते : हा तुमचा का? घरची यंत्रणा आपल्या वहीत पाहते, होय म्हणते, आणि तो सध्या कोठे आहे, याची नोंद करून ठेवते. त्या नोंदीच्या आधारे त्याच्या नावाचा संदेश त्याला शोधत जातो. घरची यंत्रणा होय म्हणाली नाही, तर परक्या मुलखात तुम्ही कोणी नव्हे.

हे ऐकून आम्ही चकित झालो. कारण ही रीत आम्हांला जन्मापासून ठाऊक होती. कोचीहून, मंगळूरहून, कारवारहून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेली कुटुंबे आमच्या देवळात येतात. त्यांची बोली बदललेली, पेहराव वेगळा. भटजी विचारतात : नाव काय, गोत्र कोणते, मूळ गाव कोणता? गाव सांगितला की पुढचे सारे जुळते, आणि संकल्पाला सुरुवात होते. खुद्द देवानेही हा प्रवास केलेला आहे. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून पलीकडच्या मुलखात प्रियोळला आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. स्थान बदलले; पण भक्तांनी घरची ओळख मोडू दिली नाही, म्हणून साडेचारशे वर्षांनंतरही माणसे त्यांना शोधत येतात. आणि आम्ही चार पैशांसाठी आपली ओळख करंड्यात बंद करून निघालो होतो!

वाचकांपैकी अनेकांची मुलेबाळे परदेशी आहेत. कोणी काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनास जातात, कोणी २०२५ साली पुन्हा सुरू झालेल्या कैलास-मानसरोवराच्या यात्रेस. त्यांच्यासाठी ही चार वाक्ये. घरचे कार्ड मोबाईलमधून काढू नये. निघण्यापूर्वी त्यावर रोमिंगची सोय सुरू करून घ्यावी; मात्र त्या कार्डावरचा डेटा बंद ठेवावा, म्हणजे नकळत खर्च वाढत नाही, आणि बँकेचे संदेश तेवढे येत राहतात; आलेल्या संदेशाला साधारणतः आकार पडत नाही. इंटरनेटसाठी दुसऱ्या कप्प्यात तिथले कार्ड घालावे, किंवा ई-सिम घ्यावे. पण ते उतरवून घ्यायलाच इंटरनेट लागते, तेव्हा घरीच उतरवून ठेवावे. तिबेटात तर घरच्या कार्डाची थोरवी आणखी कळते. चीनमध्ये व्हॉट्सॅप आणि गूगल बंद आहेत, तिथल्या कार्डावर किंवा हॉटेलच्या वाय-फायवर ती उघडत नाहीत. पण भारतीय कार्डाचे रोमिंग आधी घरच्या यंत्रणेकडे येते आणि तेथून जगात जाते, म्हणून जिथे संपर्क मिळेल तिथे ती बहुधा चालतात. आणि शेवटचे : चार जवळच्या माणसांचे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावे.

लिस्बन सोडण्यापूर्वी आम्ही तिथल्या राधाकृष्णाच्या मंदिरात नारळ ठेवायला गेलो. तिथली बहुतेक मंडळी गुजराती. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यानंतरच्या काळात तिकडून आलेली पुष्कळ. प्रसाद वाटणाऱ्या एका म्हातारीने गाव विचारले. गोवा म्हणताच तिचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "आमचे दीव." तिने ते पाहिले होते की नाही, कोण जाणे. गाव मात्र तिच्या ओठांवर होते.

गणेशचतुर्थीच्या आधी आम्ही परतलो. दादा काठीच्या आधाराने दारापर्यंत आले. पैशांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. "श्रावणी सोमवारची पालखी चुकली तुमची" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या फुलवाल्याकडे गेलो आणि पाकीट त्याच्या हाती दिले. त्याने नोटा मोजल्या नाहीत. अबोलीचा एक वळेसर सौभाग्यवतींच्या हातात ठेवून त्याने विचारले, "थंय नेट मेळटालें?"

"मेळटालें," आम्ही म्हणालो. त्यापुढे काही बोलवेना. "देव बरें करूं," असे म्हणून आम्ही देवळाच्या पायऱ्यांकडे वळलो.