सवलतीचे गणित

अंध मुलांची स्मरणशक्ती अचाट असते, सबब त्यांच्याकडून अंकगणित तोंडी घोटवून घेतले म्हणजे काम झाले, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. आमच्या घरीही तोच होता. आमची पुतणी जन्मतःच दृष्टिहीन. अंबरनाथच्या आमच्या घरात तीन बिऱ्हाडे एका चुलीवर नांदतात. मातोश्रींनी रोज तिन्हीसांजेस या मुलीस जवळ घेऊन पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी काही चढवली की, वाण्याचा हिशेब डोळस भावंडांच्या आधी तीच सांगे. त्यामुळे तिच्या गणिताची चिंता कोणी केली नाही. चिंता उपजली ती बीजगणितापाशी.

गणित आकडेमोडीने अडत नाही, कागदाने अडते. डोळस मनुष्य निम्मा विचार कागदावर ठेवून देतो आणि हवा तेव्हा एका दृष्टिक्षेपात उचलतो. बोटास एका वेळी एकच घर कळते. ब्रेलचे घर सहा टिंबांचे. अंक लिहावयाचा तर आधी अंकचिन्ह आणि मग इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या दहा अक्षरांपैकी एक. पाटीत कागद अडकवून टोचावयाचे उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचावयाचे डावीकडून उजवीकडे. या रीतीने पत्र उत्तम लिहिता येते. परंतु हातचा घेऊन उभी बेरीज करू जावे तर दर ओळीस कागद काढून उलटावा लागेल! याकरिताच टेलरची पाटी निघाली. तीत अष्टकोनी ताऱ्याच्या आकाराची भोके असतात आणि त्यांत धातूचे लहान खिळे बसतात. खिळ्याच्या एका टोकास उभी धार, दुसऱ्या टोकास दोन टोचे. प्रत्येक टोक आठ दिशांनी बसते, म्हणून एकाच खिळ्यातून सोळा चिन्हे निघतात. मांडलेले मोडता येते, पुन्हा चाचपता येते. पुढे अमेरिकेतील क्रॅन्मर या अंध गृहस्थाने १९६२ च्या सुमारास मणिचौकटीत मण्यांखाली मऊ अस्तर घातले, म्हणजे चाचपताना मणी घसरत नाहीत. युक्ती एवढीशी, पण ज्याचे बोट फिरते त्यासच ती सुचावी.

दुसरी अडचण बोलण्याची. वर्गातील फळ्यापाशी 'यातून हे वजा करा, ते इकडे आणा' असे चालते. 'हे' आणि 'ते' न दिसणाऱ्या मुलीने काय समजावे? आम्ही घरी शिकवू लागलो तेव्हा 'क्ष अधिक तीन भागिले दोन' असे सांगितले. क्षची किंमत पाच धरून तिने विचारले, "काका, उत्तर चार की साडेसहा?" आधी बेरीज करून भागावे तर चार; केवळ तीनास भागावे तर साडेसहा. कागदावरची आडवी रेघ हा निवाडा मुकाट्याने करते. तोंडाने सांगणाऱ्याने 'कंस उघडला, कंस मिटला' असे म्हटलेच पाहिजे. आमचे स्वतःचे बीजगणित या एका सवयीने किती स्वच्छ झाले म्हणून सांगावे!

शिकवणारा विद्वान असावा लागतो असेही नाही. रशियन गणिती पोन्त्र्यागिन (१९०८–१९८८) याचे डोळे चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटाने गेले. त्याची आई शिवणकाम करणारी. उच्च गणिताचा तिला गंध नव्हता. ती त्यास ग्रंथ वाचून दाखवी, आणि चिन्ह ओळखीचे नसले तर दिसेल तसे सांगे: 'शेपट्या खाली', 'शेपट्या वर'. तेवढ्यावर मुलगा थोर गणिती झाला. ही हकीकत आम्ही वहिनींस सांगितली, तेव्हापासून त्याही वाचून दाखवू लागल्या.

गेल्या वर्षी घरात वाद झाला तो सवलतीवरून. आपल्या राज्यात शालान्त परीक्षेस अंध विद्यार्थ्यास गणिताऐवजी सातवीच्या इयत्तेचे अंकगणित आणि जोडीस कार्यानुभवाचा एक विषय घेता येतो. थोरले बंधू म्हणाले, "सरकार देते आहे तर घ्यावे. पोरीस का शिणवावे?" दाखल्यास त्यांनी शेजारच्या उल्हासनगरचेच उदाहरण काढले. प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, पुढे कला शाखा घेतली, आणि भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. "त्यांचे गणितावाचून काय अडले?"

आम्ही म्हणालो, तीच हकीकत पुरती पाहू. त्या परीक्षेच्या पहिल्याच टप्प्यावरील दुसऱ्या पत्रिकेत दहावीच्या पातळीची आकडेमोड असते. शिवाय २०१६ साली त्यांचा क्रमांक ७७३ वा आला, तेव्हा वाट्यास आलेली रेल्वेची लेखा सेवा त्यांस पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून नाकारण्यात आली. हिशेबाचे खाते, आणि उमेदवार अंध! पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या आल्या व २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी झाल्या, हा त्यांचा पराक्रम. पण खात्यास नावे ठेवताना आपण घरी निराळे काय करीत आहोत? आकडे अंधाचे काम नव्हे, हेच आपण चौदा वर्षांच्या मुलीस मायेच्या भाषेत सांगणार.

ज्या मुलास खरोखर झेपत नाही त्यास ही सवलत म्हणजे आधार आहे. तिला आमचा विरोध नाही. परंतु मुलगी अभ्यासात मंद नाही, केवळ साधने नाहीत म्हणून सवलत घ्यावयाची, हे आम्हांस पटेना. शेवटी मातोश्रींनी मुलीसच विचारले. ती म्हणाली, "आजी, सातवीचं तर माझं झालंय."

यंदा ती दहावीस आहे. भूमितीसाठी रबरी गादीवर जाड कागद ठेवून दातेरी चाक फिरवितो. मागील बाजूस उठलेल्या टिंबांच्या रेघेवरून ती त्रिकोण ओळखते. गुंतागुंतीच्या आकृत्या अजून जड जातात, आणि वर्तुळात दोन-तीन जीवा आल्या की बोटे वाट चुकतात. तेथे बंधूंनी पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून पाहिला. तो बरा ठरला. लेखनिक म्हणून शेजारचा नववीतील मुलगा ठरविला आहे. रविवारी दुपारी तो येतो. ती सांगते, "कंस मिटव." तो विचारतो, "ताई, कुठला? आतला की बाहेरचा?"