बाहेरचं झाड

मी नागपूरच्या एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायला कुणी नसतं. गुलाब, मोगरा करपून जातात. टिकतं ते एकच झाड. बारीक, गोल, मांसल पानांचं. नर्सरीवाले त्याला ‘जेड’ म्हणतात.

त्याचं खरं नाव पोर्टुलाकारिया आफ्रा. त्याचं माहेर दक्षिण आफ्रिका. पूर्व केपच्या कोरड्या टेकड्यांवर त्याची झुडपंच्या झुडपं आहेत. हत्ती त्याच्या फांद्या मोडून खातात आणि खाली पडलेले तुकडे पुन्हा मुळं धरतात. पाणी कमी पडलं की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडतं. हे सांगत असताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मतलब ये पौधा अपना नहीं, बाहर का है?”

हा शब्द आमची मुलं कुठून ऐकून येतात, ते मला ठाऊक आहे. माझ्या आजोबांचे आजोबा उत्तरेतून हातमाग घेऊन कामठीला आले. तरी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो.

मी वर्गाला सांगितलं, घरोघरची कोरफड मूळची अरबस्तानची, मिरची अमेरिकेची. लग्नाच्या स्टेजवरचा जर्बेरा दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनचा. मात्र बाहेरचं ते सगळं चांगलं, असंही नाही. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी आपल्या अंबाझरी तलावाचा श्वास कोंडते. खुद्द केपमध्ये ऑस्ट्रेलियन बाभळींनी स्थानिक झाडांची जागा आणि नद्यांचं पाणी बळकावलं. त्या उपटायला तिथल्या सरकारला १९९५मध्ये मोठी मोहीम काढावी लागली. आणि आपली देशी बाभूळ? ऑस्ट्रेलियाच्या कुरणांत तीच उपद्रवी ठरली आहे.

म्हणजे ‘देशी’ ही शाबासकी नाही आणि ‘परदेशी’ ही शिवी नाही. झाड उभं आहे तिथे शेजाऱ्यांशी कसं वागतं, एवढंच बघायचं. माणसांना तर हा हिशेबही लावू नये. जिथे जन्म झाला, ती जमीन त्यांचीच.

केपचं सगळंच इथे जगत नाही, हेही खरं. तिथला प्रोटिया हिवाळी पावसाचा, निकस रेताड जमिनीचा. आपल्या काळ्या मातीत, भर पावसाळ्यात त्याची मुळं कुजतात. जेडलाही पाणी साचलेलं चालत नाही. फांदी तोडून तीन-चार दिवस सावलीत सुकवावी, मग अर्धी माती, अर्धी रेती घालून लावावी.

यंदा मुलींनी अशा फांद्या घरी नेल्या. प्रत्येक कुंडीवर उर्दू-मराठीत पाटी लावायची होती : नाव आणि मूळ देश. एकीने खाली आणखी एक ओळ जोडली : ‘सध्याचा पत्ता, मोमिनपुरा, नागपूर.’ मी तिला ‘सध्याचा’ हा शब्द तेवढा खोडायला सांगितला.