उघडी बयाज

पूर्वी शिकल्या-सवरल्या मुस्लिम घरांत एक बयाज असे. बयाज म्हणजे जाड पुठ्ठ्याची खासगी वही. आवडलेला शेर, हकीमसाहेबांचा नुस्खा, ऐकलेला लतीफा, एखादी दुआ, दूरच्या मुलखातली अजब खबर असे सगळे तिच्यात उतरवले जाई. तिला ना विषय असे, ना क्रम. फकिराच्या कश्कोलात जसे कुणी रोटी टाकतो, कुणी खजूर, कुणी पैसा, तसेच हे. म्हणूनच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इस्फहानमध्ये वारलेले आलिम बहाउद्दीन आमिली यांनी आपल्या अशाच संग्रहाला ‘कश्कोल’ हे नाव दिले. त्याच्याही सुमारे साडेसातशे वर्षे आधी बसऱ्याच्या अल-जाहिजने प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात जनावरांच्या माहितीबरोबर कविता आहेत, वादविवाद आहेत आणि हसवणारे किस्सेही आहेत. म्हणजे चार जातींची फुले एका परडीत ठेवायची सवय आपल्याकडे नवी नाही.

आज ही बयाज मोबाईलमध्ये गेली आहे. फरक इतकाच की पूर्वीची वही उशाखाली असे, आजची चौकात उघडी असते.

आम्ही दोघे नवरा-बायको धानोऱ्याला राहतो. तालुक्याचे गाव, भोवती जंगल. मुलगी गडचिरोलीला कॉलेजात शिकते. तिच्या मोबाईलवरच्या भिंतीवर काय काय असते, ते सांगितले तर वाचकांना आपल्याच घरातले वाटेल. एक दिवस चांद्याच्या किल्ल्याच्या दरवाजावरचे, हत्तीवर चढलेल्या सिंहाचे शिल्प. दुसऱ्या दिवशी गोंड आजीच्या हातावरच्या गोंदणाचे तिने स्वतः काढलेले चित्र. मग एखादा विनोद, बहुतेक वेळा आमच्यावरच. मध्येच अशी माहिती की आपल्या जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे, किंवा १७०२ मध्ये नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हा इस्लाम स्वीकारलेला गोंड राजा होता. आणि या सगळ्यांत अधूनमधून राजकारण. जंगलाच्या हक्काची बातमी, महागाईवर दोन ओळी, कुठे अन्याय झाला तर त्यावर चार ओळी.

चित्रांना माशाअल्लाह मिळते, विनोदाला हसू मिळते. राजकारणाच्या ओळींवर मात्र आम्हाला फोन येतात. या वर्षी तिच्या फुफीचा आला, “भाभी, लडकी के हाथ में मोबाईल दिया है, तो थोडी लगाम भी दो. कल को रिश्ते की बात चलेगी. और अपना नाम देखकर कौन क्या उठाएगा, भरोसा है क्या?” फुफीच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. म्हणून ते हसण्यावारी नेता येईना. आम्ही बरेच दिवस त्यावर बोललो. जे बोललो ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही.

फुफीची भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर काही वाक्ये लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती फक्त पसंत केली. दोघींना अटक झाली. जिने लिहिले त्या मुस्लिम मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. आपल्या आया-बहिणींच्या मनात ही गोष्ट अजून घर करून आहे.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही. त्या दोघींना जामीन मिळाला, पुढे गुन्हाही मागे पडला. ते प्रकरण पाहून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६ अ हे कलमच रद्द केले. नुसते कुणाला बोचले म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असा त्याचा अर्थ. याचा अर्थ काहीही लिहावे असा मात्र नाही. दोन समाजांत वैर पसरवणे हा गुन्हा आधीही होता, आजही आहे. मुलीला आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या. भीती अर्धीच गोष्ट सांगते. मुलांना पूर्ण गोष्ट सांगणे हे आई-बापाचे काम आहे.

दुसरी एक गोष्ट. समजा उद्यापासून ती फक्त फुले, मेंदी आणि बिर्याणी टाकू लागली. राजकारण आपल्याला सोडील का? मार्च २०२० आठवा. करोनाचे दिवस, आणि तबलिगी जमातीच्या नावाने मोबाईलवर काय काय फिरत होते! ज्यांनी कधी जमातीचे तोंड पाहिले नव्हते अशा भाजीवाल्यांनाही ते भोगावे लागले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले आणि माध्यमांतल्या प्रचारावरही कडक शब्दांत बोट ठेवले. आता विचार करा, ज्या अफवा पाच मिनिटांत घरोघर पोहोचल्या होत्या, त्यांच्या मागोमाग हा निकाल किती घरांत पोहोचला? आपल्यातल्याही किती जणांनी तो वाचून पुढे पाठवला? गप्प राहणाऱ्याची गोष्ट दुसराच कुणीतरी सांगतो, आणि आपल्या सोयीने सांगतो.

तेव्हा बोलू नको, असे आम्ही मुलीला म्हणणार नाही. कसे बोलायचे, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने ईमानवाल्यांना ताकीद दिली आहे की बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी खात्री करून घ्या. नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल. त्याच सूरहमध्ये पुढे एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावे ठेवू नका, संशय आणि चहाडी यांपासून दूर राहा, असेही सांगितले आहे. सहीह मुस्लिमच्या सुरुवातीलाच प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा हा आशय येतो की ऐकलेले सगळे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरे आहे. चौदाशे वर्षांपूर्वी मोबाईल नव्हता. पण ऐकले की पुढे ढकलणारा माणूस तेव्हाही होता.

त्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे गरीब लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्राने घातली. खात्री करायची जबाबदारी मात्र बोटाचीच राहिली.

आणि खात्री म्हणजे फक्त शत्रूच्या बातमीची नव्हे, आपल्याला आवडणाऱ्या बातमीचीही. ९ जानेवारीला आपल्या घराघरांत फातिमा शेख यांच्या जन्मदिनाचे संदेश फिरतात. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर दावा केला की अशी बाई झालीच नाही, ती आपणच रचलेली होती. आमच्या मुलीच्या मैत्रिणी संतापल्या. मुलीने संताप बाजूला ठेवून पुरावा काय आहे ते पाहिले. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. म्हणजे फातिमा होत्या. पण ९ जानेवारी या जन्मतारखेला त्या काळातला आधार नाही. तिने दोन्ही गोष्टी लिहिल्या. आपल्याच काही लोकांना दुसरी गोष्ट रुचली नाही. आम्हाला मात्र त्या दिवशी मुलीचा अभिमान वाटला. आपल्या बाजूचे म्हणून कच्चे ते पक्के म्हणून खपवले, की समोरच्याला पक्केही कच्चे म्हणायची संधी मिळते.

विनोदाचेही तसेच. काही बुजुर्गांना वाटते की दीनदार घरात हसणे-हसवणे शोभत नाही. पण प्रेषितांनी (स.) विनोद केलेला आहे. एकाने स्वारीसाठी उंट मागितला, तेव्हा ते म्हणाले की तुला उंटिणीचे पिल्लू देतो. तो बिचारा गोंधळला, पिल्लाचे मी काय करू? तेव्हा त्याला सांगितले गेले की प्रत्येक उंट हा कुठल्यातरी उंटिणीचे पिल्लूच असतो! तिर्मिजीत ही हदीस आहे. यात खोटे काही नाही, कुणाचा अपमान नाही, आणि हसू मात्र आहे. विनोदाची याहून चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव जातात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत विनोदी पात्र येते आणि पुढाऱ्यांपासून सावकारापर्यंत सगळ्यांना चिमटे काढते. आणि ज्याला चिमटा बसतो तोही पुढच्या रांगेत बसून हसतो. मोठ्याला चिमटा काढणे वेगळे, दुबळ्याला ओरबाडणे वेगळे. हा फरक आमच्या मुलीला आम्ही नाटकाच्या मांडवातच शिकवला.

राहिली गोष्ट कसे ठरवायचे याची. धानोरा तालुक्यात, आमच्या गावापासून जवळच मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देशभरातून लोक हे गाव पाहायला येतात. तिथला कारभार सर्वसहमतीने चालतो. बहुमताने कुणाला दाबायचे नाही. एकाचेही पटत नसेल तर पुन्हा बोलायचे. आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगट बसतो. त्यात माहिती घ्यायची, प्रश्न विचारायचे. निर्णय मागून, ग्रामसभेत. आपल्याकडेही शूरा म्हणजे मसलत ही नवी गोष्ट नाही. तर आम्ही म्हटले, घराचाही असा एक अभ्यासगट का नसावा?

आता आमच्याकडे जुम्याच्या रात्री जेवणानंतर मुलगी घरी आली असेल तर समोर, नाहीतर फोनवर, आम्ही तिघे थोडा वेळ बसतो. ती विचारते, आम्हीही विचारतो. हे कुठून आले? सांगणाऱ्याला हे ठाऊक असण्यासारखे आहे का? यात कुणा खासगी माणसाचे नाव, फोटो आहे का? हे त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येईल का? रागात लिहिले असेल तर रात्रभर ठेवून सकाळी फज्रनंतर पुन्हा वाचले का? या प्रश्नांतून पार पडलेले मग चित्र असो की राजकारण, ते तिचे. आम्हाला न पटणारे असले तरी ती टाकू शकते. आमचे म्हणणे आम्ही घरातच सांगतो. फुफीलाही एकदा या बैठकीत फोनवर घेतले. तिचे सगळे समाधान झाले नाही. पण शेवटी ती म्हणाली, “चलो, कम से कम पूछके तो डालती है.” त्यानंतर वैरागडच्या हिऱ्यांची गोष्ट तिने स्वतः चार नातेवाइकांना पाठवली.

रिश्त्याचे काय, असे अजूनही कुणी विचारतात. आम्ही म्हणतो, जे घर सुनेच्या डोक्यात काय चालते ते पाहून दचकेल, त्या घराला ते आधीच कळलेले बरे.

बयाज लिहिणारे बुजुर्ग गेले, वह्या राहिल्या. त्या उघडल्या की कळते, या माणसाला काय आवडत होते, कशाने हसू येत होते, कशाने झोप उडत होती. आपली मुले आज जे मांडत आहेत, ती त्यांचीही अशीच ओळख आहे. शिवाय आपल्याकडे शिकवण आहे की दोन खांद्यांवरचे किरामन कातिबीन सगळे टिपून ठेवतात. हे ध्यानात ठेवून लिहिणाऱ्या मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्यायची गरज नाही. त्यांच्या शेजारी बसायची गरज आहे. अल्लाह आपल्या मुलांच्या बोटांना सच्चाई आणि मनाला हिंमत देवो. आमीन.