खांद्याला पेलणारी काठी

निवृत्तीनंतर भाट्याच्या खाडीवर जिताडा गरवणारे काही ज्येष्ठ माझ्याकडे खांदा दाखवायला येतात. ‘आता पुरे’ असे घरचे म्हणतात. पण खाडी सुटली की माणूस कोमेजतो. म्हणून दुखणे तपासून झाले की मी काठीची चौकशी करतो. जिवंत कोळंबी लावून काठी टेकवून बसायचे असेल, तर स्वस्त, चिवट फायबरग्लासची पुरते. कृत्रिम आमिष पुन्हापुन्हा फेकायचे असेल, तर भार खांद्यावर येतो. तेथे हलक्या कार्बनसाठी जास्त पैसे मोजावेत. मात्र कार्बन वीजवाहक आहे. विजेच्या तारांजवळ वा गडगडाटात ती हाती धरू नये. दुकानात रीळ जोडून काठी पाच मिनिटे पेलून पाहावी. मनगट दुखले, तर किंमत कितीही रास्त असो, ती आपली नव्हे.