उजेड पडला की

व्हर्टेपोर्फिन हे औषध दिसायला गडद हिरवे, गोत्र रक्तातल्या हीमचे, पण पदरी लोह नाही. वृत्तीने आळशी. पेशीत शिरते आणि पडून राहते. लाल उजेड पडला, तोही 689 नॅनोमीटरचा, की बिथरते.

प्रयोगशाळेत त्याची गाठ पडते रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींशी. आपण पुरून टाकतो त्या नाळेतल्या शिरेतून या पेशी सोडवून वाढवायची रीत 1973 पासून रुळली. थाळीत त्या फरसबंदीसारख्या एकमेकींना खेटून बसतात. नुसते औषध घाला, जगतात. नुसता दिवा लावा, जगतात. दोन्ही एकत्र आले की औषध आपली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देते. तो चेकाळलेला ऑक्सिजन काही मायक्रोसेकंदच टिकतो. लांब जायला त्याला सवडच नसते. म्हणून औषध जिथे बसले, तिथलेच जळते. बैठक बहुधा मायटोकाँड्रियात, आणि पेशीला मरणाचा हुकूम तिथूनच सुटतो. पेशींचा आतला सांगाडा ढासळतो, त्या आक्रसून गोल होतात, मधे फटी पडतात.

थाळीत खेळ इथेच संपतो, कारण तिथे रक्त नाही. खऱ्या वाहिनीत याच फटींवर प्लेटलेट्स येऊन चिकटतात, गुठळी होते, वाहिनी बुजते. अर्धा पराक्रम थाळीबाहेरचा!

या पराक्रमाच्याच जोरावर 2000 साली अमेरिकेत या औषधाला डोळ्याच्या पडद्यामागे माजलेल्या वाहिन्या बुजवायची परवानगी मिळाली. शिरेतून 10 मिनिटे औषध, सुरुवातीपासून पंधराव्या मिनिटाला 83 सेकंद लेसर. पुढे डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली आणि याचा मान उतरला.

पण स्वभाव तापटच. मुंबईत उपचार घेऊन विरारला परतणाऱ्याने लोकलमध्ये उन्हाकडची खिडकी मिळाली तरी सोडावी; 5 दिवस ऊन वर्ज्य. पूर्ण बाह्या, टोपी, काळा चष्मा. सनस्क्रीन कुचकामी, कारण ते दिसणारा उजेड अडवत नाही. जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या नंतर. मात्र घरात अंधार करून बसायचे नाही: खोलीतल्या साध्या उजेडाने कातडीतले औषध हळूहळू निकामी होते.

अंधारात हे अगदी गरीब, अशी ख्याती होती. 2012 मध्ये तिलाही तडा गेला. पेशींना वाढीला लावणाऱ्या याप नावाच्या प्रथिनाचे काम ते दिव्याशिवायही अडवते, असे दिसले. आता अंधारात ठेवलेली थाळीही नीट तपासावी लागते.