एसटी चुकली का तिची?

माझ्या पहिल्या आणि आजवरच्या एकुलत्या एक सिनेमात ४ मिनिटं २० सेकंदांचा एक शॉट आहे. संगमेश्वरजवळचा एसटीचा थांबा, धो धो पाऊस, बाकावर पिशवी घेऊन बसलेली बाई. कॅमेरा हलत नाही, बाईही हलत नाही. पत्र्यावरचं पाणी फ्रेमच्या बरोबर मधोमध पडावं म्हणून आम्ही पन्हळ दोनदा सोडून बांधली. वडिलांच्या फंडाच्या पैशातला एक अख्खा दिवस त्या पन्हळीवर गेला. बाई कुठं निघालीय, यावर मी दहा मिनिटंही घालवली नाहीत.

ते काम करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं. त्या तालुक्यातल्या एक शिक्षिका. "सर, मी माहेरी चाललेय की दवाखान्यात? त्या हिशेबानं पिशवी धरते." मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "ते प्रेक्षक ठरवेल." खरं म्हणजे मलाच ठाऊक नव्हतं.

२०१४ साली चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' या सिनेमाला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले आणि मी वेडा झालो. पाच वेळा पाहिला. उचललं काय, तर न हलणारा कॅमेरा! त्याच स्थिर कॅमेऱ्यासमोर सरकारी वकील बाई लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. म्हणून ती कोर्टात उभी राहिली की तिच्यामागचं घरही आपल्याला दिसत राहतं. हे माझ्या डोळ्यांत शिरलंच नाही.

गावच्या शाळेत पडदा लावून माझा सिनेमा दाखवला. त्या शॉटला आत्या मोठ्यानं म्हणाली, "इतका वेळ बसलीय रे, एसटी चुकली का तिची?" सगळे हसले. यांना सिनेमा कळत नाही, असं मी ठरवून टाकलं. मग फेस्टिव्हलांचे नकार यायला लागले. त्यांनाही कळत नाही, असं ठरवलं.

गेल्या महिन्यात तो शॉट कापायला बसलो. दोन मिनिटांवर आणला, मग चाळीस सेकंदांवर. काही फरक पडेना. शेवटी मॅडमना फोन लावला. "तेव्हा तुम्ही काय ठरवलं होतं हो?"

"दवाखान्यात, सर. पिशवीत डबा होता ना, सांडू नये म्हणून मांडीवर सरळ धरून बसले होते."

शॉट पुन्हा लावला. कॅमेरा मी इतका लांब ठेवला होता की पिशवी म्हणजे नुसता एक राखाडी ठिपका दिसत होता. पाणी मात्र बरोबर मधोमध पडत होतं.